गाडी कोणाच्या नावावर

"वडील वारले मागच्या वर्षी. गाडी त्यांच्या नावावर होती. मी त्यांचा मुलगा बोलतोय."

डिसेंबर २०१४मधल्या एका दुपारी मी फोनवर हे म्हणालो, तेव्हा माझे वडील माझ्यापासून दहा हातांवर, ओसरीतल्या बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं, पण इतकंही कमी नाही. मी फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "कोण वारलं रे?"

"कोणी नाही अण्णा. गाडीचं काम आहे."

ते पुन्हा शेंगा सोलायला लागले. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. ते वाक्य म्हणताना जीभ जराही अडखळली नव्हती, आणि आज इतक्या वर्षांनी मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. आवाजही मी थोडा खाली आणला होता, बाप गेलेल्या माणसाचा असतो तसा.

गाडी २००४ची स्कोडा ऑक्टेव्हिया, डिझेल, एमएच-२० पासिंग. औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात २००१पासून या गाड्या तयार व्हायला लागल्या, तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटायचा. आपल्या मराठवाड्यातून बाहेर पडलेली गाडी रस्त्यावर दिसली की मी मान वळवून बघायचो. दहा वर्षं झाल्यावर तीच गाडी एका शाळामास्तराच्या ऐपतीत आली. जानेवारी २०१४मध्ये मी ती औरंगाबादच्या सिडकोतल्या एका घरून घेतली. गाडीचे मालक सहा महिन्यांपूर्वी वारले होते. घरात त्यांच्या पत्नी एकट्या, एक मुलगी लग्न होऊन परगावी. गाडी खिडकीखाली उभी होती आणि त्या काकूंना ती रोज सकाळी दिसत होती.

गाडीचं पुस्तक सापडत नव्हतं. काकू म्हणाल्या, "यांनी कुठंतरी जपून ठेवलंय. सापडलं की कळवते." मी तेवढंच धरून बसलो. पुस्तक नाही म्हणजे सर्व्हिसची नोंद नाही, नोंद नाही म्हणजे टायमिंग बेल्ट कधी बदलला ते कळायला मार्ग नाही, आणि या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, सगळं इंजिन उघडावं लागतं. यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण बोलण्याच्या दहा मिनिटं आधी मी बॉनेट उघडलं होतं आणि बेल्टच्या झाकणावर चिकटवलेली एक छोटी पट्टी मला दिसली होती. तारीख आणि किलोमीटर, बॉलपेनने लिहिलेले. बेल्ट वर्षापूर्वीच बदललेला होता. मी बॉनेट लावलं, हात झटकले आणि पंचवीस हजार कमी करून घेतले.

वर्गात एखादा पोरगा प्रगतिपुस्तकावर बापाची सही स्वतःच मारून आणतो, तेव्हा मी त्याला उभं करतो. अक्षर बघून मला लगेच कळतं. अशा पोरांना मी जे ऐकवलं आहे ते इथे लिहायला नको.

नावावर करण्याचं राहून गेलं असं मी पुढचे अकरा महिने सगळ्यांना सांगत होतो. राहून गेलं नव्हतं. मध्यस्थी करणारा दलाल पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मालक वारलेत. म्हणजे आधी फॉर्म एकतीस भरून बाईंच्या नावावर, मग एकोणतीस-तीस भरून तुमच्या. वर एनओसी, परभणीचे हेलपाटे. कशाला त्या भानगडीत पडता? चालवा तशीच. पुढं विकायची वेळ आली तर सहीचं मी बघतो." कोणाची सही तो बघणार होता, हे मला समजलं होतं. मी मान हलवली. मोटार वाहन कायद्याच्या ५०व्या कलमात आणि त्याखालच्या नियमांत सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे: विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. मालक वारला असेल तर वारसाने तीन महिन्यांत अर्ज करायचा. मी तर विम्याचं नूतनीकरणसुद्धा त्या गेलेल्या माणसाच्या नावानेच केलं. पावतीवर त्यांच्या नावापुढे 'श्री.' होतं.

डिसेंबरात एका थंड सकाळी गाडी सुरूच होईना. बॅटरी पार उतरली होती. आमच्या पालमच्या मोठ्या रस्त्यावरच्या मेकॅनिकने जुनी काढून नवी बसवली. इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झालं, आणि रेडिओच्या पट्टीवर इंग्रजीतली चार अक्षरं उभी राहिली: सेफ. "सर, हे तर कोड मागायलंय," पोरगा म्हणाला.

त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांचे रेडिओ असे असत. युरोपात काच फोडून गाडीतला रेडिओ पळवण्याच्या चोऱ्या फार वाढल्या, तेव्हा कारखान्यांनी रेडिओतच चार आकड्यांचं कुलूप घातलं. वीज तुटली की रेडिओ गप्प होतो आणि आकडे मागतो. चोराने संच उपटून नेला तरी त्याच्या हाती मुका डबा राहतो. आकडा आतल्या आठ पायांच्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेला असतो, बॅटरी काढली तरी पुसला जात नाही. आकडा घालायची रीत सोपी आहे. स्टेशनची पहिली चार बटणं, एकेका आकड्याला एकेक. दोनदा चुकलं की संच तासभर बंद, आणि तो तास किल्ली फिरवून, रेडिओ चालू ठेवून काढायचा. मी चार शून्यं घालून पाहिली, मग एक-दोन-तीन-चार. मग गाडीत बसून हिशेब केला: दहा हजार आकडे, तासाला दोन, रात्रंदिवस बसलं तरी दोनशे आठ दिवस.

रेडिओ मला हवा होता अण्णांसाठी. परभणी आकाशवाणी मिडियम वेव्हवर, १३०५ किलोहर्ट्झ. संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम त्यांनी आयुष्यभर ऐकला. कृषी विद्यापीठातला माणूस कापसावर बोलायला लागला की ते घरातल्या सगळ्यांना गप्प करत. घरचा ट्रान्झिस्टर खरखरायचा, गाडीतला आवाज स्वच्छ. म्हणून मी गाडी लिंबाखाली लावून द्यायचो आणि अण्णा पुढच्या सीटवर, दार उघडं टाकून, एक पाय बाहेर सोडून बसायचे. कुलूप पडल्यावर दोन दिवस ते तसेच जाऊन बसले आणि उठून आले. तिसऱ्या दिवशी गेले नाहीत.

पुढे जे काही केलं ते अण्णांसाठी केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते पूर्ण खरं नाही. अण्णांसाठी नवा ट्रान्झिस्टर हजार रुपयांच्या आत आला असता. मला ती गाडी पुरती माझी करायची होती, आणि तिच्यातली एक वस्तू रोज मला विचारत होती, 'तू कोण?'

कोणीतरी नांदेडला जायला सांगितलं. तिथे एका गाळ्यात एक माणूस असे संच उघडून देतो. मी लोह्यावरून गेलो. फळीवर पंधरा-वीस संच एकावर एक रचलेले होते. तो म्हणाला, चिप वाचायची, आकडा काढायचा, सहाशे रुपये. गाडीचा कागद मागितला नाही, माझं नावही विचारलं नाही. त्याचं बोलणं ऐकता ऐकता माझी नजर त्या संचांच्या मागच्या बाजूला गेली. दोन-तीन संचांच्या वायरी पकडीने कापलेल्या होत्या. आपल्या गाडीचा रेडिओ काढणारा माणूस प्लग ओढून काढतो, वायर कापत नाही. मी तिथून परत आलो. प्रामाणिकपणामुळे परत आलो असं मला लिहायचं होतं, पण तसं नव्हतं. त्याला संच दोन दिवस ठेवून घ्यायचा होता, आणि मला तो बदलून मिळेल अशी भीती वाटली. त्या कापलेल्या वायरींचा खरा विचार मी घरी आल्यावर, रात्री केला. मी गाडीच्या वायरी कापल्या नव्हत्या. बॉनेट तेवढं लावलं होतं.

पुस्तकाचा शोध याच काळातला. पुण्याच्या भाच्याने ऑक्टेव्हियावरच्या हेन्सच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स पाठवली. या पुस्तकांचा जनक जॉन हेन्स. ब्रिटिश हवाई दलात एडनला असताना त्याने सहकाऱ्याची ऑस्टिन-हिली स्प्राइट उघडून पुन्हा जुळवली आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवले. १९६६मध्ये त्याच गाडीवर त्याचं पहिलं मॅन्युअल निघालं. त्या पुस्तकांचा नियमच असा की लिहिणाऱ्याने गाडी आधी स्वतः पूर्ण सुटी करायची आणि पुन्हा जोडायची, मगच लिहायचं. मला हे फार आवडलं. त्या झेरॉक्सवरून मी डिझेल फिल्टर स्वतः बदलला, बल्ब बदलले. पण रेडिओच्या प्रकरणात तिथेही एवढंच होतं: कोड मालकाकडच्या कार्डावर असतो.

शेवटी एका शहरातल्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. बोलणारी मुलगी नीट बोलली. संचाचा क्रमांक द्या, आरसी द्या, ओळखपत्र द्या, आणि ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांनी अर्ज करा. तिचं काही चुकलं नव्हतं. तिने फक्त तोच प्रश्न विचारला होता, जो रेडिओ विचारत होता. तेव्हा मी म्हणालो, वडील वारले मागच्या वर्षी. ती म्हणाली, "ओह, सॉरी सर. मग मृत्यूचा दाखला आणि आईंचा अर्ज पाठवून द्या, करून देऊ."

आता दाखला हवा होता. मी काकूंना फोन लावला. मोबाइलमध्ये त्यांचा नंबर 'गाडीवाल्या काकू' असा होता. आवाज गोड करून विचारलं, "काकू, काकांच्या मृत्यूच्या दाखल्याची एक झेरॉक्स मिळेल का? गाडीच्या कामाला लागते."

त्या म्हणाल्या, "नावावर करताय का? बरं झालं बाई. मला सारखं वाटायचं विचारावं, पण म्हटलं तुम्ही मास्तर आहात, कराल आठवणीने."

मी गप्प राहिलो. त्याच पुढे म्हणाल्या, "मध्ये एक दंडाचा कागद आला होता यांच्या नावाने. भरून टाकला मी. अहो, आणि ते पुस्तक तर तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांतच सापडलं. यांच्या कपाटात, एलआयसीच्या कागदांखाली. मी केला होता की फोन तुम्हाला. दोनदा केला. तुम्ही उचलला नाही, म्हटलं शाळेत असाल."

मी शाळेत नव्हतो. फेब्रुवारीतला तो फोन मला स्पष्ट आठवत होता. पडद्यावर 'गाडीवाल्या काकू' अशी अक्षरं उजळली होती आणि त्या नावावर करण्याचं विचारतील म्हणून मी मोबाइल उशीवर पालथा घातला होता. दुसऱ्यांदाही तसंच केलं. दोनशे आठ दिवसांचा हिशेब मी ज्या आकड्यांसाठी केला, नांदेडच्या गाळ्यात ज्यांच्यासाठी उभा राहिलो, ज्यांच्यासाठी जिवंत बापाला मारलं, ते आकडे दहा महिन्यांपूर्वीच वाजत वाजत माझ्या उशाशी आले होते.

त्या म्हणाल्या, "पोस्टाने पाठवू का?" मी म्हणालो, "नको. मी येतो."

रविवारी पहाटे निघालो. गंगाखेड, परभणी, जालना. गाडीतला रेडिओ मुका होता आणि अडीचशे किलोमीटर मी स्वतःशी काय बोलायचं ते ठरवत होतो. परभणीच्या पुढे एक मोटारसायकल एकदम आडवी आली, मी जोरात ब्रेक मारला, काही झालं नाही. पण तेव्हा प्रथमच मनात आलं, की आत्ता काही झालं असतं तर कागदोपत्री गाडी कोणाची? पुढे फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात याच प्रश्नावर निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी कितीतरी हातांतून गेलेली, नोंदणी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर, आणि अपघातात एक मुलगा दगावलेला. न्यायालय म्हणालं, नोंदणीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. ती बातमी मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. अकरा महिने मी दर आठवड्याला पालम-गंगाखेड रस्त्यावर त्या काकूंच्या घराची चौकट डोक्यावर घेऊन गाडी पळवत होतो. त्यांना कल्पनाही नव्हती.

काकूंनी चहा ठेवला आणि एक काळं पाकीट पुढे केलं. आत गाडीचं मॅन्युअल, सर्व्हिसची वही, रेडिओचं छोटं पुस्तक आणि एटीएम कार्डाएवढं एक कार्ड. रेडिओच्या पुस्तकात लिहिलेलं होतं की कार्ड गाडीत ठेवू नका, घरी ठेवा. काकांनी ते तंतोतंत पाळलं होतं. म्हणूनच पुस्तक गाडीत नव्हतं, आणि म्हणूनच मला पंचवीस हजार कमी करता आले.

सर्व्हिसच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर निळ्या शाईत बारीक अक्षरांत नऊ वर्षांच्या नोंदी होत्या. डिझेल किती लिटर, किती किलोमीटरवर. टायर कुठले, हवा किती. एका ओळीखाली दोन रेघा मारलेल्या: 'बॅटरी काढण्याआधी दुसरी जोडून ठेवावी, नाहीतर रेडिओ कोड मागतो.' बेल्टची नोंद, तीच तारीख, तेच किलोमीटर. शेवटची नोंद जून २०१३ची: पावसाळ्याआधी वायपरची रबरं बदलली. त्यानंतर पान कोरं होतं. या माणसाने जे हाताने केलं तेवढंच लिहिलं होतं. आणि फोनवर मी त्यांचाच मुलगा झालो होतो.

मी म्हणालो, "काकू, बेल्ट बदललाय हे मला तेव्हाच दिसलं होतं. झाकणावर पट्टी होती."

त्यांनी कप खाली ठेवला. "मला माहीतय. तुम्ही वाकून वाचत होतात, मी खिडकीत उभी होते. ती पट्टी यांनी मला दाखवली होती, म्हणजे मी कोणाला विकली तर सांगता यावं म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"मला ती खिडकीखालून जायला हवी होती."

खिशात दहा हजार होते, ते मी पुढे केले. उरलेले दोन हप्त्यांत देतो म्हणालो. त्यांनी नको नको केलं नाही. नोटा शांतपणे मोजल्या, चष्मा पुसला आणि डायरीत लिहून ठेवलं. मला ते बरं वाटलं. त्यांनी मोठेपणाने नाकारले असते तर ते पैसे माझ्याकडेच राहिले असते, आणि मला ते चाललंही असतं, हे मी ओळखून आहे. पुढच्या महिन्यापासून कागद सुरू झाले. फॉर्म एकतीस, एकोणतीस, तीस, एनओसी, परभणीच्या आरटीओत चार खेपा. दलाल ज्या हेलपाट्यांचं भय घालत होता, ते चारच निघाले. नावावर झालेल्या आरसीची झेरॉक्स मी काकूंना रजिस्टर पोस्टाने पाठवली.

त्या रविवारी रात्री पालमला पोहोचलो तेव्हा अण्णा जागे होते. लिंबाखाली गाडी उभी केली, कार्ड बघून चार बटणं दाबली. 'सेफ' गेलं, आकडे गेले, एक बारीक खरखर आली. शेतीचा कार्यक्रम केव्हाच संपला होता, कुठलंसं भजन लागलं होतं. अण्णा काठी टेकत आले, पुढच्या सीटवर बसले, एक पाय बाहेर सोडला. "लागला का," एवढंच म्हणाले.

बेल्टचं मी काकूंना सांगितलं, सर्व्हिस सेंटरच्या फोनचं सांगितलं नाही. त्यांच्या नवऱ्याचा मुलगा होऊन मी बोललो, आणि गरज संपल्यावर ते नातं तसंच टाकून दिलं, हे त्यांच्यासमोर उच्चारायचं धाडस झालं नाही. अण्णांनाही सांगितलं नाही. त्या दुपारी त्यांनी नेमकं किती ऐकलं होतं ते मी कधी विचारलं नाही. संध्याकाळी ते गाडीत बसायचे तेव्हा मी कधी कधी शेजारी जाऊन बसायचो. कार्यक्रम चालू असताना बोललेलं त्यांना खपत नसे, आणि मी त्याच्या आड बसून राहायचो. असे सहा पावसाळे गेले.

अण्णा २०२१च्या मार्चमध्ये गेले. झोपेत, त्रास न होता. तेराव्यानंतर शेताच्या सातबाऱ्यावर वारस नोंद करायला मी तलाठ्यांकडे गेलो. टेबलावर फायलींचा ढीग, समोर माझ्यासारखे पाच-सहा जण. माझी पाळी आली. मी दाखला आणि अर्ज पुढे सरकवला. तलाठ्यांनी वर न बघता पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "कोण वारलं?"